टोमॅटोची पानं बिघडली? फवारणीआधी या क्रमाने तपासा

टोमॅटोचं पान पिवळं दिसलं की बहुतेक जण एकाच दिवशी तीन गोष्टी करतात. सकाळी पाणी वाढवतात, दुपारी मूठभर खत घालतात आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारतात. चार दिवसांनी झाड आणखी खराब दिसतं. मग मूळ दुखणं कोणतं आणि उपचारांमुळे झालेलं कोणतं, हे कुणालाच सांगता येत नाही. मला गच्चीवरच्या बागांचे फोटो सतत येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "यावर काय फवारू?" त्यातल्या कितीतरी झाडांना फवारणीची गरजच नसते. ज्यांना असते, त्यांच्यावर भलतंच काहीतरी आधीच मारून झालेलं असतं.

खालची पद्धत कुंडीतल्या, ग्रो-बॅगमधल्या किंवा परसातल्या दहा-वीस झाडांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथा टप्पा आधी आणि दुसरा नंतर केला तर हमखास फसाल.

## टप्पा १ : दोन दिवस हात आवरा आणि तयारी करा

पान बिघडलेलं दिसल्यावर दोन दिवस खत आणि औषध पूर्ण बंद. या दोन दिवसांत टोमॅटोचं झाड मरत नाही. याला अपवाद एकच, उशिरा येणारा करपा. त्याची ओळख पाचव्या टप्प्यात दिली आहे.

जवळ ठेवायच्या वस्तू :

- दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग
- एक कोरा पांढरा कागद
- धारदार कात्री आणि ती पुसायला सर्जिकल स्पिरिट
- पारदर्शक काचेचा ग्लास
- कापलेली पानं टाकायला तोंड बांधता येईल अशी पिशवी

तपासणी सकाळी आठच्या आत करा. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी दोन वाजता निरोगी झाडसुद्धा माना टाकतं, म्हणून दुपारच्या अवस्थेवरून काहीही ठरवू नका. सकाळीही पानं लोंबत असतील तरच ती तक्रार खरी.

चार गोष्टी लिहून ठेवा : रोप कधी लावलं, शेवटचं खत कधी आणि कोणतं दिलं, शेवटची फवारणी कधी झाली, आणि गेल्या महिन्याभरात नर्सरीतून नवीन रोप आणलं का. शेवटचा प्रश्न बहुतेकांना बिनमहत्त्वाचा वाटतो. पण पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण घरात येतात ते बऱ्याचदा नव्या रोपाबरोबरच.

सावधान : तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोच्या झाडाला हात लावू नका. तंबाखूतून मोझॅकचा, म्हणजे पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे आणणारा विषाणू हातावर येतो आणि हातावरून पानाच्या बारीक जखमेत जातो. माळीकाका येत असतील तर त्यांनाही आधी साबणाने हात धुवायला सांगा.

## टप्पा २ : पानाआधी माती आणि पाणी बघा

कुंडीतल्या टोमॅटोची बहुतेक दुखणी पानावर दिसतात आणि असतात मात्र मातीत.

तर्जनी दोन पेरं आत घाला. माती ओली, चिकट, गार लागतेय आणि तरी पानं पिवळी पडून लोंबतायत? मग पाणी जास्त झालंय. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून झाड तहानलेलं दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो. यात जितकी झाडं जातात तितकी करप्यातही जात नाहीत, असं माझं मत झालं आहे.

मग कुंडी तिरकी करून तळाची भोकं बघा. भोकात काडी घालून मोकळी करा. खाली बशी असेल तर ती काढून टाका. दोन विटांवर कुंडी उचलून ठेवली तरी निचऱ्यात मोठा फरक पडतो.

कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खारी पूड जमली असेल तर पाणी बोअरवेलचं, क्षारयुक्त आहे असं समजा. अशा पाण्याने माती हळूहळू अल्कधर्मी होते. मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. त्यात कुणी "पोटॅश मिळतं" म्हणून चुलीतली राख घालत असेल, तर दुखणं दुप्पट वाढतं. राख स्वतःच अल्कधर्मी असते.

तपासा : पाणी कमी करून किंवा निचरा सुधारून पाच-सहा दिवस वाट पाहा. नवीन फुटलेली पानं निरोगी आली तर पुढचे टप्पे करायचं कारणच उरत नाही.

## टप्पा ३ : बिघाड खालच्या पानांवर आहे की शेंड्यावर?

कागदाच्या कपट्यावर झाडाचं साधं चित्र काढा आणि बिघडलेली पानं जिथे आहेत तिथे खूण करा. पोरखेळ वाटेल, पण निम्मं निदान इथेच होतं.

नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत हलू शकतात. कमतरता पडली की झाड म्हाताऱ्या पानांतून ती काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी बिघडतात. लोह आणि कॅल्शियम जिथे पोहोचले तिथेच राहतात. ते कमी पडले की नव्या फुटीला झळ बसते.

करपा सहसा खालून वर चढतो, कारण पावसाचे किंवा पाइपच्या पाण्याचे थेंब मातीवर आपटून बुरशीचे बीजाणू आधी खालच्या पानांवर उडवतात. बोकड्या (पानं आकसवणारा विषाणू), फुलकिडे आणि मावा यांचा जोर कोवळ्या शेंड्यावर असतो.

आणखी एक खूण. सगळ्या कुंड्यांत एकदम, एकसारखा बिघाड दिसला तर पाणी, खत, ऊन किंवा फवारणीतली चूक आधी शोधा. रोग आणि कीड एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, सगळीकडे एका रात्रीत येत नाहीत.

## टप्पा ४ : पान उलटून बघा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. फोटोही नेहमी पानाच्या वरच्या बाजूचे येतात. किडी राहतात खालच्या बाजूला.

वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं निवडा. तोडू नका, जागेवरच हळूच उलटा आणि शिरांच्या कडेने भिंग फिरवा. झाड हलवल्यावर पिठाच्या कणासारखं काही भुर्रकन उडून पुन्हा खाली बसलं तर पांढरी माशी. कोवळ्या देठावर हिरवट-काळ्या दाण्यांची रांग आणि पान चिकट म्हणजे मावा. कापसासारखा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण.

आता कागद. पानाखाली पांढरा कागद धरा, पानावर दोन टिचक्या मारा आणि कागद उन्हात नेऊन एक मिनिट डोळे न हलवता बघा. पहिल्यांदा फक्त धूळ दिसते. मग त्या धुळीतला टाचणीच्या टोकाहून लहान, विटकरी ठिपका आपली जागा सोडून चालायला लागतो. तो लाल कोळी. बोटाने कागद पुसला तर तांबूस रेघ उठते. फुलकिडे असतील तर पिवळसर-तपकिरी, लांबट, बारीक तुकडे झटकन पळताना दिसतात.

सावधान : एका झाडाला हात लावल्यावर दुसऱ्याला लावण्याआधी हात धुवा. निरोगी झाड आधी, आजारी झाड शेवटी.

## टप्पा ५ : खुणा जुळवा

### पान पिवळं पडलंय

खालची पानं सरसकट फिकट पिवळी आणि वाढ खुंटलेली असेल तर नत्र कमी आहे. मोठ्या कुंडीला दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. ताजं शेण कधीच नको.

खालच्या किंवा मधल्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. एक लिटर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, संध्याकाळी पानांवर, आठवड्याने पुन्हा एकदा. केळीच्या सालींचं पाणी आणि राख वारंवार घालणाऱ्यांकडे ही कमतरता मी जास्त पाहते, कारण पालाश जास्त झालं की मॅग्नेशियम घेणं अडतं. अशा वेळी आधी ते प्रयोग थांबवा.

हीच नक्षी शेंड्याच्या पानांवर असेल तर लोह कमी आहे. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम फवारा आणि पाण्याच्या क्षारांचा बंदोबस्त करा. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम.

जुन्या पानांच्या फक्त कडा पिवळ्या होऊन करपल्यात तर पालाश कमी, किंवा मातीत क्षार साठलेत. आधी दोनदा भरपूर साधं पाणी घालून माती धुऊन काढा.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लहान रोपांची पानं खालून जांभळी होतात. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) घेता येत नाही. ऊन वाढलं की बहुतेक वेळा आपोआप सुधारतं. काही घालू नका.

तळाची दोन-तीन पानं वयाने पिवळी पडत असतील तर तो आजार नाही. कापा आणि विसरून जा.

### पानावर ठिपके आहेत

ठिपके तपकिरी, आत नेमबाजीच्या फळ्यासारखी एकात एक वर्तुळं, भोवती पिवळी कडा आणि सुरुवात खालच्या पानापासून : लवकर येणारा करपा. आपल्याकडे घरच्या बागेत सगळ्यात जास्त हाच. रोगट पानं काढली, पाणी फक्त मातीत घातलं आणि गरज पडल्यास ताम्रयुक्त बुरशीनाशक मारलं तर आटोक्यात येतो.

ठिपके दोन-तीन मिलिमीटरचे, मध्यभागी राखाडी, कडा गडद आणि भिंगातून आत काळे कण दिसतायत : सेप्टोरिया. उपचार वरचाच.

ठिपके बारीक, काळपट, तेलकट आणि वर्तुळं नाहीत : जिवाणूजन्य ठिपके. यावर मँकोझेब हे नेहमीचं बुरशीनाशक एकट्याने काम करत नाही, ताम्रयुक्त औषधच लागतं. ओल्या झाडाला हात लावणं बंद करा, कारण जिवाणू ओलाव्यातूनच हिंडतात.

आता घाईचा अपवाद. पानाच्या टोकाला किंवा कडेला गरम पाणी सांडल्यासारखा मोठा, काळपट हिरवा, ओलसर डाग. सकाळी पान उलटलं तर डागाच्या कडेने पांढरट लव. खोडावर तपकिरी-काळे पट्टे. हवा गार, ढगाळ, दमट. हा उशिरा येणारा करपा. सलग पावसात किंवा हिवाळ्यातल्या धुक्याच्या आठवड्यात तो चार-पाच दिवसांत पूर्ण झाड खाली बसवतो आणि शेजारच्या बटाट्यावरही जातो. इथे दोन दिवस थांबायचं नाही. एक-दोन पानांवरच असेल तर ती लगेच कापून उरलेल्या सगळ्या झाडांवर त्याच दिवशी ताम्रयुक्त बुरशीनाशक मारा. खोडावर पोहोचला असेल तर झाडावर पिशवी घालून ते मुळासकट काढा. बाकीची झाडं वाचवायची असतील तर हे करावंच लागतं.

पानावर पिठासारखा पांढरा थर आणि तो बोटाने पुसला जातोय : भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम.

### पान वळलंय किंवा आकसलंय

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबूया. वळलेलं पान दिसलं की लोक "व्हायरस" म्हणतात आणि झाड उपटतात, किंवा खरा व्हायरस असताना महिनाभर फवारत बसतात. पान वळण्याची निदान चार वेगवेगळी कारणं आहेत.

*पहिलं : उन्हाचा आणि छाटणीचा ताण.* खालची, मोठी पानं कडेने वर वळून नळीसारखी होतात. रंग हिरवागार. हाताला जाड, चामड्यासारखी लागतात. शेंडा छान वाढतोय, फुलं येतायत. हा रोगच नाही. कडक ऊन, जोराचा वारा, पाण्यात खंड किंवा बगलफूट एकदम जास्त काढल्याने झाड असं करतं. मागच्या एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनी फळं लागलेलं झाड उपटायला घेतलं होतं. मी म्हटलं, "काकू, थांबा जरा, शेंडा बघू." शेंडा लुसलुशीत होता, वर पिवळी फुलं होती. दुपारी हिरव्या जाळीची सावली केली आणि पाण्याची वेळ ठरवली. पानं शेवटपर्यंत वळलेलीच राहिली, पण त्याच झाडाचे टोमॅटो त्यांनी मेअखेरपर्यंत काढले.

*दुसरं : बोकड्या, म्हणजे पर्णगुच्छ विषाणू.* इथे शेंडा बिघडतो. नवी पानं लहान, वर वळलेली, वाटीसारखी. कडा पिवळट. पेरं आखूड झाल्याने शेंडा झुडपासारखा गुच्छ दिसतो. फुलं येतात आणि गळतात. हा पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि उन्हाळी लागवडीत सर्वाधिक त्रास देतो. यावर औषध नाही. ताक, हळद, हिंग, गोमूत्र, कुठल्याही बाटलीतलं "व्हायरस क्युअर", काहीही लागलेल्या झाडातून विषाणू काढू शकत नाही. औषध असतं ते माशीवर, आणि ते उरलेल्या झाडांसाठी. लहान झाडाला लागण झाली तर आधी माशीवर फवारणी करा, मग झाड उपटा. उलट क्रमाने केलंत तर उपटताना उडालेल्या माश्या शेजारच्या कुंडीवर जाऊन बसतात. फळं धरलेल्या मोठ्या झाडाला लागण झाली असेल आणि आसपास दुसरं टोमॅटोचं झाड नसेल, तर आहेत ती फळं पिकू द्यायला हरकत नाही.

*तिसरं : सूक्ष्म कोळी.* शेंड्याची पानं अरुंद, पिळवटलेली, बहुधा खाली वळलेली, आणि खालची बाजू तांबूस चमकदार. हुबेहूब विषाणूसारखं दिसतं. हा कोळी साध्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगातूनही मुश्किलीने दिसतो. जवळ मिरचीचं झाड असेल आणि त्याचाही शेंडा चुरडल्यासारखा झाला असेल तर संशय पक्का धरा. फरक ओळखायची युक्ती : बिघडलेला शेंडा कापा, गंधकाची फवारणी करा, आठ दिवसांनी दुसरी. नवीन फूट सरळ आली तर कोळी होता. विषाणू असता तर फूट पुन्हा तशीच वाकडी आली असती.

*चौथं : तणनाशक.* पानं दोऱ्यासारखी, नेच्यासारखी लांबुळकी, शिरा जवळजवळ समांतर, देठ पिळलेले. शेजारी ऊस, ज्वारी किंवा लॉनवर टू-फोर-डी मारलं असेल तर वाऱ्यावर आलेला अंशही टोमॅटोला पुरतो. दुसरं कारण म्हणजे उसना आणलेला पंप. आधी तणनाशकाला वापरलेला पंप कितीही धुतला तरी टोमॅटोसाठी वापरू नका. मार थोडा असेल तर झाड तीन-चार आठवड्यांत नवी फूट काढतं.

### पानावर नक्षी किंवा पारदर्शक चट्टे आहेत

पांढऱ्या, नागमोडी, बारीक रेषा म्हणजे नागअळी. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असते, म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं जात नाही. रेषेच्या रुंद टोकाला नखाने चिरडा. पाच-सहा पानं असतील तर एवढंच पुरतं.

रेषेऐवजी कागदी, पारदर्शक, फुगीर चट्टे आणि आत काळी विष्ठा दिसली तर टूटा अळी असण्याची शक्यता मोठी. ही दक्षिण अमेरिकेतली कीड भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये महाराष्ट्रातच सापडली. ती पानावर थांबत नाही, फळात टाचणीएवढी भोकं पाडते. चट्टे असलेली पानं आणि भोक पडलेली फळं रोजच्या रोज पिशवीत बंद करा आणि टूटाचा कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा) लावा.

कोवळ्या पानांवर कांस्य रंगाचे डाग, शेंडा काळा पडून जळतोय आणि कागदावर फुलकिडे सापडले : टॉस्पो विषाणू. हाही बरा होत नाही. झाड काढा.

### झाडाने एकाएकी मान टाकलीय

काल हिरवंगार असलेलं झाड आज हिरवं असतानाच कोलमडलं, पाणी ठीक आहे, संध्याकाळीही उठत नाही. आता ग्लास काढा. खोडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा, स्वच्छ पाण्याच्या ग्लासात खालचं टोक बुडेल असा धरा आणि हात न हलवता थांबा. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाच्या धाग्यासारखी पांढरी धार सावकाश खाली सुटली, तर जिवाणूजन्य मर. तो धागा म्हणजे अक्षरशः जिवाणूंची रास. झाड, माती, मुळं सगळं काढावं लागतं.

धार आली नाही, पण पानं एका बाजूने आधी पिवळी पडली होती आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा आहेत, तर बुरशीजन्य मर. आणि मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे जंत.

तपासा : पुढे जाण्याआधी एका वाक्यात लिहा, "मला वाटतं हे अमुक आहे, कारण तमुक दोन खुणा सापडल्या." एकच खूण सापडली असेल तर चौथा टप्पा पुन्हा करा.

## टप्पा ६ : आधी कात्री, मग औषध

फवारणीच्या आदल्या दिवशी रोगट पानं काढा. पानं कोरडी असताना, देठ खोडाला मिळतो तिथून. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. एका वेळी झाडाची एक तृतीयांशाहून जास्त पानं काढू नका, नाहीतर फळांना चटका बसतो.

जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं निरोगी असली तरी काढलेली बरी. मातीचे शिंतोडे तिथेच उडतात. त्यानंतर मातीवर वाळलेला पाला, उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या पसरा.

सावधान : काढलेली रोगट पानं घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका. आपल्या बादलीतलं कंपोस्ट बुरशी आणि विषाणू मरण्याइतकं तापत नाही.

## टप्पा ७ : फवारणी

एका वेळी एकच औषध. हा नियम मोडून काही शिकता येत नाही.

रस शोषणाऱ्या किडींसाठी (मावा, पांढरी माशी, फुलकिडे) आधी दोन दिवस सकाळी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालच्या बाजूला मारा. मावा आणि कोळी याने बरेच कमी होतात. मग कडुनिंब. एक लिटर कोमट पाण्याला ५ मिली कडुनिंब तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रव साबण. क्रम असा : तेल आणि साबण वाटीत आधी एकजीव करा, पांढरट झालं की थोडं थोडं पाणी घाला. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं, पहिल्या कुंड्यांवर नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या कुंडीवर शुद्ध तेल. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा.

निंबोळ्या मिळत असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क मला तेलापेक्षा जास्त आवडतो. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, पाणी घालून एक लिटर करा आणि त्याच दिवशी फवारा.

पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा.

करप्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ग्रॅम, सात ते दहा दिवसांनी पुन्हा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण उत्तम असतं, पण चुना कमी पडला तर टोमॅटोची कोवळी पानं जळतात, म्हणून कुंड्यांसाठी मी तयार पावडरच सुचवते. बुरशीनाशक पडलेला डाग पुसत नाही, नव्या पानांना वाचवतं. "मारूनही डाग तसेच आहेत" ही तक्रार त्यामुळे गैरसमजातून येते. हातमोजे, मास्क घाला. डब्यावर लिहिलेला, फवारणी आणि काढणी यांच्यामधला दिवसांचा अवधी पाळा. ही फळं घरची मुलं खाणार आहेत.

कोळ्यांसाठी पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर मारू नका.

सावधान : गंधक आणि कडुनिंब तेल यांच्यात किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही जवळ जवळ पडली तर पानं भाजतात. मातीत ट्रायकोडर्मा घातलं असेल तर त्याच्या आगेमागे पंधरा दिवस ताम्रयुक्त औषध मातीत पडू देऊ नका, ती उपयोगी बुरशीसुद्धा मरते.

वेळ संध्याकाळी साडेपाचनंतरची. मधमाश्या परतलेल्या असतात आणि ऊन उतरलेलं असतं. मी सुरुवातीच्या वर्षांत एकदा एप्रिलमध्ये सकाळी अकरा वाजता तेल फवारलं होतं. दुसऱ्या दिवशी नऊ झाडांच्या वरच्या पानांवर पापडासारखे पांढरे, खडखडीत चट्टे होते आणि त्या झाडांना पुन्हा पालवी फुटायला पंधरवडा लागला. नवीन औषध आधी एका फांदीवर मारून चोवीस तास थांबायची सवय तेव्हापासून लागली. तुम्हीही लावून घ्या.

नोझल पानाखाली धरून वर मारा. आधी सगळ्या पानांची खालची बाजू, शेवटी वरची.

## टप्पा ८ : सात दिवसांनी कुठे बघायचं

जुन्या पानाकडे बघू नका. डाग पडलेलं, पिवळं झालेलं पान पुन्हा पूर्ववत होत नाही. फवारणीच्या दिवशी शेंड्याखालच्या देठाला लाल दोरा सैल बांधा. सात दिवसांनी दोऱ्याच्या वर फुटलेली पानंच तपासा. ती स्वच्छ असतील तर उपचार लागू पडला, आता फक्त पाण्याची शिस्त ठेवा आणि औषध थांबवा.

दोऱ्याच्या वरही तोच बिघाड असेल तर मात्रा वाढवू नका. निदान चुकलंय. दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा. दोन फेऱ्यांनंतरही उलगडा झाला नाही तर बिघडलेली फांदी पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. कोरडं, गळून पडलेलं पान नेऊ नका, त्यावरून काहीच सांगता येत नाही. अर्धं बिघडलेलं, अर्धं हिरवं असं ताजं पान न्या, आणि पहिल्या टप्प्यातली टिपणाची चिठ्ठीसुद्धा.

## झाड काढावं लागलं तर कुंडीचं काय?

बोकड्या किंवा टॉस्पोने गेलेल्या झाडाची माती पुन्हा वापरता येते. हे विषाणू किडींमधून येतात, मातीतून नाही. मोझॅकचा संशय असेल तर मात्र मुळांचे तुकडेसुद्धा वेचून काढा.

करपा, मर किंवा सूत्रकृमीने गेलेल्या कुंडीत वर्षभर टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावू नका. मर जिवाणूजन्य असेल तर ती माती बागेतून बाहेरच काढा. बाकीच्यांसाठी एप्रिल-मेच्या उन्हात माती ओली करून फरशीवर वीतभर थरात पसरा, पारदर्शक प्लॅस्टिकने हवाबंद झाका आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तितकी तापत नाही. नंतर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळून पहिल्या हंगामात झेंडू, मेथी किंवा कोथिंबीर घ्या.

पुढच्या वेळी रोप आणताना अर्का रक्षकसारखा वाण मागा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. नवं रोप, कुठलंही असो, दहा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा आणि त्या दहा दिवसांत तीनदा तरी त्याची पानं उलटून बघा.